सबनिसांनी काढलेली वायर

एकनाथ सबनीस एका जागी नीट बसलेत, असं दृश्य त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा सापडत नाही. त्या फोटोत लताबाई खाली मान घालून पाटावर बसल्या आहेत आणि शेजारचे नवरदेव अर्धे उठलेले आहेत. का, तर मांडवातला एक दिवा मिणमिणत होता आणि तो मिणमिणणारा दिवा सोडून सप्तपदी घ्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं.

तर असा हा माणूस. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनात दोन वर्षं काढून एकाहत्तर साली अमेरिकेत आला, न्यू जर्सीतल्या एका वीज कंपनीत चिकटला, पार्सिपनीत घर घेतलं आणि २००३ मध्ये रिटायर झाला. रिटायर झाल्यावर सहा महिने तो घरात होता. त्या सहा महिन्यांत घरातला प्रत्येक स्विच उघडून बंद करून झाला. मग शेजाऱ्यांचे झाले. मग देवळाचे. एकदा तर आरती चालू असताना हा गृहस्थ गाभाऱ्यामागे टॉर्च तोंडात धरून बसलेला सापडला. लताबाई म्हणाल्या, "आता माझा मणकाच तेवढा उघडून बघायचा राहिलाय. तोही बघा, लचकतोय थोडा."

आणि मग २००४ च्या वसंतात सबनिसांनी घर विकलं आणि चौतीस फुटांची सेकंडहँड मोटरहोम घेतली. म्हणजे बसएवढी गाडी, आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. लताबाईंनी एका वर्षाचा शब्द दिला होता. मराठी मंडळातल्या बायकांना तर गणपतीपर्यंत पुरेल इतका विषय मिळाला.

"म्हणजे लताकाकू, तुम्ही आता पार्किंग लॉटमध्ये राहणार?"

"हो ना," लताबाई म्हणाल्या. "आणि पहिली तुमच्याच दारात आणून लावणार आहे. करंजीच्या सारणाची तयारी ठेवा."

एका वर्षाची दोन वर्षं झाली ती कुणालाच कळली नाहीत. म्हणजे एकनाथरावांना कळली नाहीत. लताबाई मोजत होत्या.

हे आयुष्य कसं असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर: कॅम्पग्राउंडवर जायचं, नेमून दिलेल्या जागेवर गाडी उलटी घालायची, तिथल्या खांबावरच्या पेटीत मनगटाएवढी जाड केबल खोचायची, पाण्याचा पाइप जोडायचा, दोन खुर्च्या बाहेर टाकायच्या. झालं घर. शेजारी तसंच दुसरं घर, त्यात बहुतेक एक रिटायर्ड जोडपं आणि एक भुंकणारं कुत्रं. लताबाई पहिल्या संध्याकाळी कुत्र्याचं नाव विचारत, दुसऱ्या संध्याकाळी सुनेच्या तक्रारी ऐकत, तिसऱ्या दिवशी लोणच्याची बाटली पोचती होई आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला एकनाथराव केबल गुंडाळायला घेत. तीन रात्री. त्यापुढे त्यांच्या पोटऱ्यांत मुंग्या येत.

"अहो, आज तिच्या मुलाचा निकाल आहे कोर्टात. ऐकून तरी जाऊ."

"फोनवर ऐक."

त्या तीन दिवसांतही ते खुर्चीत किती बसत, तर चहा पिण्यापुरते. खिशात मीटर आणि टेस्टर घालून फेरी मारायची, की कुणी ना कुणी हाक मारतंच. कुणाचा एसी चालू केला की ब्रेकर पडतो, कुणाच्या पायऱ्यांना हात लावला की झिणझिण्या येतात, कुणाचा एक दिवा भगभगतो आणि दुसरा मरगळतो. हे शेवटचं कळलं की एकनाथरावांचा चेहरा खुले. "न्यूट्रल सैल आहे," ते दुरूनच सांगत आणि ते खरं निघे. अमेरिकन लोकांना 'एकनाथ' झेपेना, म्हणून ते त्यांना नुसतं 'एक' म्हणत. फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत त्या 'एक'ची कीर्ती होती. मोबदला म्हणून केळ्याचे केक आणि ढीगभर काकडीसारखी झुकिनी यायची. त्या झुकिनीचं थालीपीठ करता करता लताबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा.

या मंडळींत जिवाभावाचे म्हणाल तर ओहायोचे वॉल्ट आणि डार्लीन. वॉल्ट चाळीस वर्षं ट्रकचा मेकॅनिक होता, आडव्या अंगाचा आणि कमी बोलणारा. डार्लीन त्याच्या वाटचंही बोले. हिवाळ्यात फ्लोरिडात गाठ पडली, मग वर्षातून तीन-चार वेळा तारखा जुळवून एकाच कॅम्पग्राउंडवर शेजारी जागा घ्यायची असा रिवाजच पडला. इंजिन वॉल्टचं, वीज एकनाथरावांची, आणि बाकी सगळ्या जगाची पंचाईत डार्लीन आणि लताबाई मिळून करणार, अशी वाटणी होती.

असं छान चाललं होतं आणि २००६ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून मुलीचा, सावनीचा फोन आला. सावनी अमेरिकेतच जन्मलेली, नवरा प्रसन्न नागपूरहून एमएस करायला आलेला. सावनीला ऑगस्टमधली तारीख दिली होती. जूनच्या सतरा तारखेला, शनिवारी, डोहाळजेवण करायचं ठरवलं होतं.

"आणि आई, बेबी आल्यावर तू सिक्स मंथ्स राहशील ना? आय मीन..."

"राहीन," लताबाई म्हणाल्या. वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

मग प्रसन्न फोनवर आला. "बाबा, आमच्या मागच्याच गल्लीत टाउनहाउस आहे एक. मस्त आहे. तुम्हाला दोघांना एकदम परफेक्ट."

"गॅरेजची उंची किती?" एकनाथरावांनी विचारलं.

"सात फूट असेल."

मोटरहोम साडेअकरा फूट उंच होती. एकनाथरावांनी फोन लताबाईंकडे दिला आणि बाहेर जाऊन नीट असलेली केबल पुन्हा नीट गुंडाळली. हिशेब त्यांना तिथंच कळला होता. कॅरी आलं की गाडी विकायची. मग ते टाउनहाउस, तेच दार, तोच रस्ता, आणि उघडायला एकूण बावीस स्विच.

त्या दिवसापासून त्यांची अवस्था बघण्यासारखी झाली. गाडी तर कॅरीच्या दिशेनंच जायला हवी होती, पण सरळ कशी जाईल? टेनेसीत एका गुहेपाशी चार तास गेले. केंटकीत एका धरणाचं टर्बाइन बघायचं राहिलंच होतं. शेवटी जूनच्या बारा तारखेला, सोमवारी, ते व्हर्जिनियातल्या डोंगराळ भागातल्या कॅम्पग्राउंडवर पोचले. तिथं वॉल्ट आणि डार्लीन वाट बघत होते. तिथून कॅरी चार तासांवर.

"उद्या सकाळी निघायचं," लताबाईंनी दुपारी जाहीर केलं. "मला फुलांच्या वाड्या गुंफायच्यात, पाच प्रकारचे भात आहेत, ओटीचं बघायचंय. नारळ खवून फ्रीजमध्ये ठेवलाय. गुरुवारच्या आत मी तिथं पाहिजे. काय?"

"हो हो," एकनाथराव म्हणाले.

आणि त्याच दुपारी, लताबाई डार्लीनकडे गेलेल्या असताना, या चौसष्ट वर्षांच्या, घरंदाज, देवळाची वायरिंग फुकट करून दिलेल्या माणसानं गाडीच्या नाकाखालचं झाकण उघडलं आणि स्टार्टरकडे जाणारी एक बारकी वायर काढली.

मंगळवारी सकाळी लताबाई पदर खोचून पुढच्या सीटवर बसल्या. एकनाथरावांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. साधी खाकरसुद्धा नाही.

"अरेच्चा," ते म्हणाले. नाटकात त्यांनी कधी काम केलं नव्हतं, ते त्या 'अरेच्चा'वरून कळत होतं. "स्टार्टर गेला वाटतं."

"काल तर चालत होता."

"जातो तेव्हा असाच जातो. पार्ट मागवावा लागेल. रोअनोकहून. गुरुवारी येईल, शुक्रवारी बसवू, शनिवारी सकाळी..."

"शनिवारी सकाळी काय? पोरगी झोपाळ्यात बसल्यावर मी फुलं गुंफू?"

"मी काय करू? पार्ट आहे तो."

लताबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग सावनीला फोन लावला आणि फोनवर तिचीच समजूत काढत बसल्या. पलीकडून "बट आई, बाबा प्रॉमिस्ड!" एवढं एकनाथरावांनी ऐकलं आणि मीटर घेऊन तिथून सटकले.

बरं, असं करून सुख लागावं, तर तेही नाही. चोरीच्या सुट्टीत माणूस कसा बसेल? त्या मंगळवारी त्यांनी आठ गाड्यांची कामं केली. एका बाईचा वॉटर हीटर, एका म्हाताऱ्याचे ब्रेकलाइट, एकाच्या रेडिओची खरखर. ज्यांचं काही बिघडलेलं नव्हतं त्यांच्या दारातही जाऊन उभे राहिले, "सगळं ठीक ना?" म्हणून. लोकांना वाटलं, काय परोपकारी माणूस आहे. जेवायला बसले की उठत, उठले की परत येऊन पाणी पीत, आणि दर तासाला पुढच्या झाकणाकडे बघत, जणू आतून कुणी ओरडेल.

बुधवारी सकाळी ते कॅम्पग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला एकाचा पंप बघायला गेले, तेव्हा वॉल्ट आपल्या पायांनी इकडे आला. त्याला इंजिनाची बाब खटकत होती. कालपासून मित्राची गाडी बंद आणि आपल्याला हात लावू देत नाही, म्हणजे काय! त्यानं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं.

"लॅटा," त्यानं हाक मारली, "हे जरा वाचशील का? तुमच्या लिपीत आहे."

आता इथं सबनिसांच्या एका खोडीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर गंमत कळायची नाही. सोलापूरकडच्या त्या सबस्टेशनात राजाराम नावाचे एक फोरमन होते. त्यांचा दंडक असा, की कुठलीही वायर सोडवली, मग ती पाच मिनिटांसाठी का असेना, तर तिच्या टोकाला टेप गुंडाळायची आणि चिठ्ठी अडकवायची. काय काढलं, कधी, कुणी. कारण पुढचा हात कुणाचा पडेल सांगता येत नाही. एकनाथराव तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचे. ते त्यांच्या हाडात मुरलं. पार्सिपनीच्या घरात टोस्टरला चिठ्ठी असायची, बागेतल्या दिव्याला असायची. सावनी लहानपणी मैत्रिणींना घरी आणायला लाजायची. लताबाई म्हणत, "माझ्या मंगळसूत्राला तेवढी लावायची राहिलीय."

तर वॉल्टच्या तेलकट चिमटीत निळ्या टेपनं छान गुंडाळलेलं वायरचं टोक होतं आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. वळणदार अक्षरात: 'तात्पुरती काढली. सोम. १२ जून. ए. स.'

म्हणजे बघा, बायकोला फसवताना काही वाटलं नाही, पण चिठ्ठी न लावता वायर सोडवायचं धाडस झालं नाही!

लताबाईंनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. आधी त्या हसल्या, वॉल्टला वाटलं काहीतरी विनोद आहे. मग हसायच्या थांबल्या, तेव्हा वॉल्टनं नजर वळवून टायर तपासायला घेतले.

"काय लिहिलंय?" डार्लीन तोवर धावत आलीच होती.

"नवऱ्याची सही आहे," लताबाई म्हणाल्या.

डार्लीनला एवढं पुरलं. "वॉल्टर," ती म्हणाली, "पिकअप काढ. आपण नॉर्थ कॅरोलायनाला चाललोय."

"आपण?"

"मला ते फुलांचं बघायचंय. आणि तू गप्प बस." वॉल्ट तोवर गप्पच होता.

एकनाथराव बाराच्या सुमाराला परतले. पंप साधा सुटलेला प्लग निघाला, म्हणून जरा नाराज होते. बाहेर एकच खुर्ची होती. दुसरी घडी घालून आत ठेवलेली. ओट्यावर पोळीभाजी झाकून ठेवली होती. फ्रीजमधला नारळ गेला होता, फुलदोऱ्याचा डबा गेला होता, पैठणीची पिशवी गेली होती. शेजारी वॉल्टचा पिकअप नव्हता. आणि पुढच्या सीटला, जिथं लताबाई बसत, दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती.

'तात्पुरती काढली. बुध. १४ जून. ल. स.'

सीटच्या पट्ट्यालासुद्धा टोकाला निळी टेप गुंडाळलेली होती. बाईंनी काम पद्धतशीर केलं होतं.

एकनाथराव ती चिठ्ठी हातात घेऊन ओट्याला टेकून उभे राहिले. आधी राग आला. मग त्यांचं लक्ष 'तात्पुरती' या शब्दावर गेलं आणि जरा धीर आला, पण फार नाही, कारण तात्पुरतं म्हणून आपण कायकाय वर्षानुवर्षं तसंच ठेवलंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

आणि नेमका त्या क्षणी त्यांच्या डोक्यात एक भुंगा शिरला. गाडी आपली आहे, वायर जोडायला अर्धं मिनिट. लता पोचेल व्यवस्थित. कार्यक्रम बायकांचा. मग मला कोण अडवतंय? डकोटा राहिलंय, मोंटाना राहिलंय.

त्यांनी वायर जोडली. गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली, जणू तीच दोन दिवस खोळंबली होती. कॅम्पग्राउंडच्या फाटकातून उजवीकडे कॅरी. एकनाथरावांनी डावीकडे वळवली.

पहिले शंभर मैल झकास गेले. वेस्ट व्हर्जिनियात शिरल्यावर पेट्रोल भरायला ते एका पंपावर थांबले आणि घात झाला. पुढं एक ट्रेलर आडवा लागला, निघायचं तर गाडी मागं घ्यायला हवी. आता चौतीस फुटांची गाडी मागं घेणं हे एकट्याचं काम नाही, मागं कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. ते काम दोन वर्षं लताबाईंचं होतं. आणि लताबाईंना गाडीचं डावं-उजवं कधीच जमलं नाही. तुमचं डावं की माझं डावं, यावर पहिल्याच महिन्यात दोन भांडणं आणि एक झाड आडवं झालं होतं. तेव्हापासून त्या मागून ओरडत, "स्वयंपाकघराच्या बाजूला घ्या! अजून स्वयंपाकघर! आता थोडं बाथरूम! बास, बास, बास!" एकनाथरावांचे हात त्या हुकमांवर आपोआप चालत.

इथं तीन उत्साही लोक मदतीला धावले. एक म्हणाला लेफ्ट, दुसरा म्हणाला नो, युवर अदर लेफ्ट, तिसरा नुसता हात हलवत होता, ते 'ये' की 'थांब' ते त्यालाही ठाऊक नसावं. सबनीस सैरभैर झाले. स्वयंपाकघर म्हणजे यातलं कुठलं? खाड्. मागची शिडी खांबाला लागून वाकली.

उतरून त्यांनी शिडी बघितली. तीन मदतनीस हळूच पांगले. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.

ती संध्याकाळ आणि आख्खा गुरुवार त्यांनी जवळच्याच एका कॅम्पग्राउंडवर काढला. जागा अशी घेतली की गाडी सरळ आत, सरळ बाहेर. तिथं कुणाचंच काही बिघडलेलं नव्हतं. दोन फेऱ्या मारून झाल्या, लोक नुसते हात हलवून हसले. नकाशा उघडला, मोंटाना दोन हजार मैल. नकाशा मिटला. शिडी सरळ करायला घेतली, जास्त वाकली. शेजारच्या गाडीत एक जोडपं पत्ते खेळत होतं आणि बाई नवऱ्याला पत्ते लपवल्याबद्दल झापत होती. ते ऐकत हे पाच-दहा मिनिटं उगाच तिथं घुटमळले.

शुक्रवारी सकाळी सावनीचा फोन आला.

"बाबा, व्हेअर आर यू?"

"आहे. इकडेच. म्हणजे, पार्टची वाट..."

"आई सेज द पार्ट इज विथ हर."

एकनाथरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? आय डोन्ट गेट इट. पण ती म्हणाली तुम्हाला कळेल." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आर यू कमिंग? आय रिअली वाँट यू देअर, ओके?"

शनिवारी अकरा वाजता सबनीस कॅरीत पोचले. गल्ली गाड्यांनी गच्च भरलेली, म्हणून त्यांनी मोटरहोम लांब कोपऱ्यावर लावली आणि वाकड्या शिडीसह तिला तिथं सोडून चालत आले. आत तीस बायका, मोगरा आणि मसालेभाताचा दरवळ. सावनी फुलांचा मुकुट घालून सजवलेल्या झोपाळ्यावर बसली होती आणि बापाला बघून तिनं झोपाळ्यावरूनच दोन्ही हात पसरले. डार्लीन कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून सगळ्यांना जिलब्या वाढत होती. वॉल्ट पुरुषांच्या खोलीत मठ्ठ्याचा तिसरा पेला घेऊन अगदी सुखात होता.

"आले का काका!" उल्का नावाच्या, कॅरीच्या मंडळातल्या सगळ्या बातम्यांचं माहेरघर असलेल्या बाईंनी हटकलं. "झाली गाडी दुरुस्त?"

"गाडीला काय धाड भरलीय," लताबाई ताटं मांडता मांडता म्हणाल्या. "ड्रायव्हर दुरुस्तीला होता."

बायका हसल्या. एकनाथरावही हसले, दुसरं काय करणार? पण लताबाई हसल्या नव्हत्या.

पंगती उठल्यावर त्या मागच्या डेकवर गेल्या, तेव्हा हे मागोमाग गेले. वायरीची चिठ्ठी लताबाईंनी पर्समधून काढली आणि मधल्या टेबलावर ठेवली.

"बोला."

"लता, मला त्या टाउनहाउसात..." एकनाथराव बसले, उठले, रेलिंगचा एक खिळा वर आला होता तो अंगठ्यानं दाबून पाहिला. "मी काय करू गं तिथं? सकाळी उठायचं, पेपर वाचायचा, मग? मी वेडा होईन. मला भीती वाटली."

"खिळा सोडा. इकडे बघा." लताबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी तुमच्यामागे फिरले. चौथ्या दिवशी सकाळी निघायचं, निघायचं, निघायचं. आता आता तर मी कुत्र्यांची नावं विचारायची सोडलीत. काय उपयोग? मला सहा महिने एकाच खिडकीतून एकच झाड बघायचंय. त्याला पानं येताना नाही तर निदान झडताना. नातवंडाला रोज हातात घ्यायचंय. एवढंच."

"मग मी पण थांबलं पाहिजे ना."

"असं मी म्हटलं कधी?"

एकनाथरावांनी मान वर केली.

"तुम्ही थांबा, गाडी विका, असं मी म्हटलं का एकदा तरी? प्रसन्ननं टाउनहाउस दाखवलं, त्याची हौस. तुम्ही मला विचारलंत कुठे? थेट वायरच काढलीत." त्यांनी टेबलावरची चिठ्ठी पुढं सरकवली. "पोरीचं डोहाळजेवण हुकलं असतं माझं. हे तुम्हाला कळत होतं. कळत असून टेप लावत बसलात."

एकनाथराव पहिल्यांदाच नुसते उभे राहिले, आणि "चुकलं" म्हणाले. लताबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना आत जाऊन जेवून घ्यायला सांगितलं, कारण नारळीभात संपत आला होता.

बाकीचा तिढा सोसायटीनं सोडवला. रविवारी सकाळी एक कडक इस्त्रीचे गृहस्थ प्रसन्नच्या दारात कागद घेऊन हजर: वसाहतीत मोटरहोम चोवीस तासांपेक्षा जास्त उभी करता येणार नाही.

प्रसन्न ओशाळा झाला. "बाबा, सॉरी हं. तळ्याकाठी एक कॅम्पग्राउंड आहे, पंचवीस मिनिटांवर. पण सरकारी आहे ना, तिथं चौदाच दिवस राहता येतं. मग हलावंच लागतं."

"हलावंच लागतं?" एकनाथरावांनी विचारलं.

"हो ना. नियम आहे. मग दुसऱ्या तळ्यावर जायचं, तिथंही तेच. एकदम पेन आहे यार."

एकनाथरावांनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाई चहा गाळत होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "इथल्या सरकारला तुमचा स्वभाव मुलीपेक्षा लवकर कळला."

तर तेव्हापासून असं सुरू झालं. लताबाई सावनीकडे, खिडकीजवळच्या खोलीत. एकनाथराव कॅरीभोवतीच्या तीन तळ्यांवर आळीपाळीनं. शुक्रवारी लताबाई डबा घेऊन जात आणि रविवारी परत येत. मधल्या दिवसांत एकनाथराव घरी यायचे, पंधरा मिनिटं टेकायचे आणि "ब्रेकर बघायचाय एकाचा" म्हणून निघायचे. ऑगस्टमध्ये नात झाली. तिला मात्र पंचवीस मिनिटं मिळू लागली.

कॅरीत अर्थातच आवई उठली. बारशाच्या दिवशी उल्काताईंनी लताबाईंना कोपऱ्यात गाठलं. "मावशी, विचारू नये, पण काका वेगळे राहतात म्हणे?"

"हो गं," लताबाई म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी वेगळे. कधी या तळ्यावर, कधी त्या."

"काळजी नाही वाटत?"

"वाटते ना. चौदा दिवस पुरे होईपर्यंत एका जागी तगतील की नाही, याची."

ऑक्टोबरात एका सोमवारी फोन वाजला. मुक्कामाचा नववा दिवस होता. "लता," एकनाथराव म्हणाले, आणि बराच वेळ नुसता घसा खाकरत राहिले. "वॉल्ट अ‍ॅशव्हिलच्या पलीकडे उतरलाय. त्याचा एसी सारखा ब्रेकर पाडतोय म्हणतो. मी... जाऊन येऊ का? तीनच रात्री."

लताबाईंच्या मांडीवर नात होती. बाहेरच्या झाडाचं एक अंग पिवळं पडलं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कुठं जाण्याआधी विचारल्याचं त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी उत्तराला जरा वेळ लावला. त्यांना त्याची थोडी मजाही वाटत होती.

"ऑक्टोबरात एसी?" त्या म्हणाल्या.

पलीकडून किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली.

"जा. पण शुक्रवारी परत. आणि मागं घेताना डार्लीनला उभी करा, तिला स्वयंपाकघर कुठलं ते मी सांगून ठेवते."

शुक्रवार म्हटलं होतं. गृहस्थ गुरुवारी सकाळी साडेदहालाच दारात हजर. आणि लताबाई घरात नव्हत्या. नातीला बाबागाडीत घालून उल्काताईंबरोबर भाजीबाजारात गेल्या होत्या, तिथून पुढं कुणाकडे तरी चहाला. कधी येतील ते सांगून गेल्या नव्हत्या. एरवी पंधरा मिनिटं टेकणारे सबनीस सव्वा तास अंगणात येरझारा घालत होते, पण तिथून हलले नाहीत.